समुद्र वाढवायचाय? आधी जहाजाचा वेग ठरवा

चाच्यांचा ऑनलाइन गेम चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"खेळाडूंनी सगळी बेटं पालथी घातली. आता मॅप दुप्पट करून द्या आणि आणखी चाळीस बेटं टाका." आम्ही गेमसाठी समुद्र आणि मॅप बनवून देतो, आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक चौकशा थोड्याफार फरकाने अशाच असतात. त्यामागची अडचण खरी आहे. चाच्यांच्या गेममध्ये खेळाडू येतो तो अनोळखी पाण्यात शिरायला. पाणी ओळखीचं झालं की नुसत्या लढाया आणि लूट त्याला फार दिवस धरून ठेवत नाहीत. पण दुप्पट मॅप हा त्यावरचा इलाज क्वचितच ठरतो, आणि घाईत करवून घेतला तर तेच काम पुन्हा करावं लागतं. तसं होऊ नये म्हणून हे पत्रक.

किलोमीटर नको, मिनिटं सांगा

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक एकच आहे: जहाजांचा वेग पक्का होण्याआधी मॅप आखून पाठवणं.

उदाहरण घ्या. मॅपची बाजू १२ किलोमीटर आहे आणि जहाज सेकंदाला १० मीटर जातं. समुद्र ओलांडायला २० मिनिटं लागतात. तुम्ही बाजू दुप्पट केलीत, २४ किलोमीटर. ओलांडायला ४० मिनिटं झाली, पण क्षेत्रफळ दुप्पट नाही, चौपट झालं: १४४ चौरस किलोमीटरचं ५७६. सर्व्हरवर जहाजं तेवढीच, समजा ६०. म्हणजे आधी एका जहाजाच्या वाट्याला सुमारे अडीच चौरस किलोमीटर पाणी होतं, आता साडेनऊ. दुसरं जहाज दिसण्याची शक्यता एक चतुर्थांशावर आली. खेळाडू लिहू लागतात की समुद्र रिकामा वाटतो, कंटाळा येतो. मग तुम्ही जहाजांचा वेग दुप्पट करता. ओलांडायला पुन्हा २० मिनिटं लागतात, म्हणजे प्रवासाच्या दृष्टीने मॅप होता तेवढाच झाला. भेटी मात्र तरीही निम्म्याच राहतात, कारण वेग दुप्पट झाला असला तरी गर्दी चौपट पातळ झालेली असते.

आमच्या बाजूला काय होतं तेही सांगतो. सेकंदाला २ मीटरचा प्रवाह १० मीटर वेगाच्या जहाजाला चांगलाच ढकलतो, २० मीटरच्या जहाजाला तो जेमतेम जाणवतो. वळायला जागा जास्त लागू लागते आणि अरुंद बंदरांची तोंडं निरुपयोगी होतात. तोफेचा गोळा पोहोचेपर्यंत लक्ष्य दुप्पट पुढे गेलेलं असतं. दोन किलोमीटरवरून बेट लोड व्हायला सुरुवात होत असेल तर त्यासाठी २०० सेकंद मिळत होते, आता १०० मिळतात. वेगाचा एक आकडा बदलला की वारा, प्रवाह, भरती आणि किनारे, सगळं पुन्हा बसवावं लागतं. हे पॅच लावून भागत नाही.

म्हणून काम सुरू करण्याआधी आम्ही वेगाचा तक्ता मागतो. प्रत्येक जहाजाचा वेग वारा पाठीशी असताना किती, बाजूने असताना किती. ते वाऱ्याच्या तोंडाशी, म्हणजे वारा येतो त्या दिशेच्या, किती अंशांपर्यंत जवळ जाऊ शकतं. वळायला किती जागा घेतं. पाण्याखाली किती बुडतं. त्यासोबत गर्दीच्या वेळी सर्व्हरवर जहाजं किती असतात आणि खेळाडू एका बैठकीला साधारण किती वेळ खेळतो, हेही हवं. काही ग्राहकांना हा तक्ता म्हणजे उगाच कागदपत्रं वाटतात. आम्ही त्यावर अडून बसतो, कारण अर्ध्या तासाच्या बैठकीत जाऊन परत येता येणार नाही असं बेट बहुतेक खेळाडूंसाठी नसल्यासारखंच असतं, मग ते कितीही सुंदर बनवा.

पाणी तेवढंच, रस्ते दुप्पट

समुद्र मोठा वाटतो तो पोहोचायला डोकं लागतं तेव्हा. या कामात वाऱ्यासारखा दुसरा मदतनीस नाही.

चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या तोंडाशी साधारण ६५ ते ७० अंशांपेक्षा जवळ जाऊ शकत नाही. त्याला नागमोडी जावं लागतं. १० मीटर वेगाच्या जहाजाची थेट वाऱ्याविरुद्ध प्रगती मग सेकंदाला चारेक मीटरच होते. सहा किलोमीटरवरचं बेट जाताना दहा मिनिटांवर असतं आणि येताना पंचवीस मिनिटांवर. मॅपमध्ये एक थेंबही पाणी न वाढवता परतीचा प्रवास हे वेगळं कोडं बनतं. तिरक्या शिडांचा स्लूप, म्हणजे एका डोलकाठीचं छोटं जहाज, वाऱ्याच्या बराच जवळ जातो, त्यामुळे छोट्या जहाजालाही किंमत येते.

इतिहासात हे कोडं खरंच होतं. प्रशांत महासागर पश्चिमेकडे ओलांडणं स्पॅनिश खलाशांना जमलं होतं, पण आशियातून अमेरिकेकडे परतण्याचे प्रयत्न फसत होते. १५६५ मध्ये आंद्रेस दे उर्दानेता फिलिपिन्सहून सरळ पूर्वेला न जाता उत्तरेकडे बराच वर गेला, तिथले पश्चिमेकडून वाहणारे वारे पकडले आणि अमेरिकेचा किनारा गाठून खाली आकापुल्कोला उतरला. पुढे मनिलाची गॅलियन जहाजं जवळपास अडीचशे वर्षं याच वाटेने परतत राहिली. त्याने नवं बेट शोधलं नव्हतं, शोधला होता तो रस्ता. तुमच्या खेळाडूंनाही असं काही शोधायला द्या: उत्तरेला एक पट्टा, दक्षिणेला उलटा पट्टा, मधे वारा पडलेलं पाणी, आणि एखादा अरुंद प्रवाह जो कुठल्याही नकाशावर काढलेला नाही.

यातून भेटींचा प्रश्नही सुटतो. मोकळ्या सपाट समुद्रात जहाजं विखुरतात, पण वारे आणि प्रवाह असले की सगळे शहाणे खलाशी त्याच चारदोन वाटांवर येतात. दबा कुठे धरायचा हे चाच्याला आपोआप कळतं.

तळ, भरती आणि उथळ पाणी

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गेममध्ये समुद्राला पृष्ठभाग असतो, तळ नसतो. इथे फार मोठी जागा वाया जाते.

जुने खलाशी शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडून खोली मोजत. वजनाच्या बुडाशी खळगा असे आणि त्यात चरबी भरलेली असे. दोरी वर ओढली की चरबीला तळाची वाळू, चिखल, शिंपल्यांचे तुकडे चिकटून येत. धुक्यात किनारा दिसत नसताना खोली आणि तळाची माती या दोन खुणांवरून आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधला जाई. गेममध्ये हे करायला एक दोरी, एक खलाशी आणि तळाचा नीट आखलेला थर एवढंच लागतं. "काळी वाळू आणि सात वाव पाणी लागलं की डावीकडे वळ" असा लुटीचा सुगावा लाल फुलीच्या नकाशापेक्षा कितीतरी चांगला खेळतो, कारण तो जहाजावर उभं राहूनच वापरावा लागतो.

तळ आला की भरती-ओहोटीला अर्थ येतो. ओहोटीला उघडी पडणारी वाळू, फक्त भरतीला खुली होणारी खाडी, आत शिरून अडकलेलं मोठं जहाज. चक्र किती मिनिटांचं ठेवायचं हे मात्र विचार करून ठरवा. ते ६० मिनिटांचं ठेवलंत तर रोज रात्री नऊला येणाऱ्या खेळाडूला कायम तीच भरती दिसेल आणि ती खाडी त्याच्यासाठी एकतर नेहमी उघडी किंवा नेहमी बंद. आम्ही ५० मिनिटांचं सुचवतो. मग तीच वेळ रोज चक्रात सरकते आणि पाच दिवसांनी पहिल्या जागी येते. खऱ्या समुद्रातही बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणून भरतीची वेळ रोज पुढे जाते.

क्षितिज

बेटांवर खर्च करण्याआधी क्षितिजाकडे पाहा. सपाट समुद्रावर सगळं एकदम दिसतं, मग लपवायला धुकं पसरावं लागतं आणि खेळाडूला ते फसवं वाटतं. खऱ्या पृथ्वीवर डोळा पाण्यापासून २ मीटरवर असला तर क्षितिज सुमारे ५ किलोमीटरवर असतं, ३० मीटरच्या डोलकाठीवरून साडेएकोणीसवर. गेममध्ये हीच गोष्ट छोट्या मापात आणता येते. पाणी दाखवताना त्रिज्या १०० किलोमीटर धरून वाकवलं तर ५ मीटर उंचीच्या डेकवरून क्षितिज एक किलोमीटरवर येतं आणि ३० मीटरच्या डोलकाठीवरून जवळजवळ अडीचवर. दूरच्या जहाजाची आधी शिडं दिसतात, मग खालचा भाग. टेहळणीला चढलेल्या खेळाडूला खरं काम मिळतं, आणि "वर कोण जाणार?" यावर टोळीत बोलणं होतं. चाल आणि टक्कर यांचं गणित सपाटच राहतं, वाकवणं फक्त चित्रात असतं, त्यामुळे सर्व्हरवर भार पडत नाही.

"दोन दिवसांत सगळा नकाशा बाहेर येतो"

ही तक्रारही नेहमीची, आणि योग्य आहे. खेळाडू एकमेकांना सगळं सांगतात, ते थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. बेटं ठरल्या जागी राहू द्या, पण पाण्याची अवस्था बदलती ठेवा. मोठ्या वादळानंतर वाळूचे बांध सरकतात, एखादं फुटलेलं जहाज वर येतं, दुसरं गाडलं जातं. मग नकाशाला तारीख लागते, आणि ताजा नकाशा विकत घेण्याजोगी वस्तू होतो. लढाईत रस नसलेल्या खेळाडूंना यातून धंदा मिळतो. असे खेळाडू बऱ्याच सर्व्हरवर असतात आणि त्यांना करायला काही नसल्यामुळे निघून जातात.

नकाशावर खेळाडूचा ठिपका दाखवू नका, एवढी आमची आग्रहाची विनंती. चाच्यांचा काळ साधारण १६५० ते १७३०. त्या काळी सूर्य आणि ध्रुवतारा पाहून अक्षांश बऱ्यापैकी काढता येई, पण समुद्रात रेखांश काढायचा भरवशाचा मार्ग नव्हता. ब्रिटिश पार्लमेंटने १७१४ मध्ये त्यासाठी बक्षीस ठेवलं. रेखांशासाठी समुद्रातही अचूक चालणारं घड्याळ लागतं, आणि घड्याळजी जॉन हॅरिसनच्या निर्णायक ठरलेल्या चौथ्या घड्याळाची समुद्रावरची चाचणी व्हायला १७६१ उजाडलं. तोवर खलाशी आधी हव्या त्या अक्षांशावर येत आणि मग त्याच रेषेवरून सरळ जात. तुमच्या गेममध्ये दुपारच्या सूर्यावरून अक्षांश नेमका द्या, आणि पूर्व-पश्चिम अंतर वेग व वेळेच्या हिशोबाने खेळाडूलाच मांडू द्या. हरवणं परत आलं की शोधणंही परत येतं.

बुडालेल्या खजिन्याबद्दल विचारणारे पुष्कळ असतात, त्यांच्यासाठी एक कल्पना. १७१५ च्या जुलैमध्ये स्पॅनिश खजिन्याच्या ताफ्यातली बारापैकी अकरा जहाजं फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर वादळात फुटली. स्पॅनिशांनी पाणबुडे लावून चांदी वर काढायला सुरुवात केली, आणि हेन्री जेनिंग्ज या चाच्याच्या टोळीने किनाऱ्यावरच्या त्या तळावरच छापा घातला. खजिना एका जागी पुरून ठेवण्याऐवजी तो काढण्याचं काम काही दिवस चालू ठेवा. कोणी बुडी मारेल, कोणी पहारा देईल, कोणी वाट बघेल.

झटपट प्रवासाबद्दल (खेळाडूला एका क्षणात दुसऱ्या जागी नेण्याबद्दल) आमचं मत थोडक्यात: बंदर ते बंदर, तेही जहाज आणि माल मागे ठेवून, ठीक आहे. मालासकट उडी दिलीत तर वर लिहिलेलं सगळं व्यर्थ जातं. दर पाच मिनिटांनी राक्षस वर आणणंही टाळा, तो लवकरच रहदारी वाटू लागतो.

मोठा मॅप खरंच हवा असेल तर

कधी तो हवाच असतो: सर्व्हरवर जहाजं दाटली, बंदराबाहेर रांगा लागल्या, तर जरूर वाढवू. फार मोठ्या मॅपमध्ये एक तांत्रिक अडचण येते ती आधी सांगून ठेवतो. वस्तूची जागा साध्या ३२ बिटांच्या फ्लोट आकड्यात (संगणकातल्या मर्यादित अचूकतेच्या दशांश आकड्यात) साठवली तर मध्यबिंदूपासून १६.४ किलोमीटरच्या पुढे बारकाई सुमारे २ मिलिमीटरची असते, पण १३१ किलोमीटरच्या पुढे ती दीड सेंटिमीटरवर जाते आणि डेक, दोर, हातातली वस्तू थरथरू लागते. त्यावर मध्यबिंदू जहाजासोबत सरकवण्याची पद्धत आम्ही मोठ्या मॅपच्या कामात धरूनच देतो, वेगळी मागावी लागत नाही.

मोठ्या मॅपचं काम आमच्यासाठीही मोठं असतं, तरी आम्ही आधी वारा, प्रवाह, तळ आणि भरती यांचा थर सुचवतो. तो तुमच्या आताच्या मॅपवर बसतो, बेटांना हात लावावा लागत नाही, आणि पुढे मॅप वाढवलात तर तोच थर नव्या पाण्यावर ताणून घेता येतो. एक-एक भागही घेता येतो. फक्त वारा घेऊन सुरुवात केली तरी चालेल.

चौकशी पाठवताना बेटांची यादी, चित्रं, कथा हे सगळं नंतर आलं तरी चालतं. पहिल्या संदेशात वेगाचा तक्ता आणि आताच्या मॅपची फाइल एवढंच पाठवा. त्यावरून तुमच्या प्रत्येक बंदरापासून प्रत्येक बेटाचं जाण्याचं आणि येण्याचं अंतर मिनिटांत दाखवणारा नकाशा आम्ही काम ठरण्याआधीच करून देतो. कुठलं पाणी रिकामं पडलंय आणि कुठल्या बेटावर कोणी पोहोचूच शकत नाही, ते त्यात रंगाने दिसतं. तक्त्यातला एखादा आकडा अजून ठरला नसेल तर ती जागा कोरी ठेवा, अंदाजाने भरू नका. चाचणी सर्व्हरवर जहाज चालवून तो आकडा आपण मिळून ठरवू.