धामण गायीचं दूध पीत नाही

नागपूरच्या आसपासच्या गावांत आजही ऐकू येतं, की धामण गायीच्या मागच्या पायांना विळखा घालून सडाला तोंड लावते. हे शक्यच नाही. सड घट्ट धरून ओढायला लागणारे मऊ ओठ सापाला नसतात. दात आत वळलेले आणि सुईसारखे, त्यामुळे सड रक्तबंबाळ होईल आणि गाय लाथ मारेल. धामण कोठ्यात (गोठ्यात) येते ती कुटार-ढेपेवर (भुसा-पेंडीवर) जमलेल्या उंदरांसाठी. उंदीर, बेडूक, सरडे, पाखरं हेच तिचं खाणं, तेही अख्खं गिळून. दूध अचानक आटलं, तर आधी काससुजी तपासा.

मग नागपंचमीला नाग दूध पितो ते? गारुडी त्याला कित्येक दिवस पाण्याविना कोंडतात. तहानेनं कासावीस झालेला जीव समोरचं कुठलंही पातळ गिळतो. दूध पचवण्याची सोय त्याच्या पोटात नाही. श्वासनळीचं तोंड जिभेच्या अगदी मागेच असल्यानं दूध फुप्फुसात जातं, संसर्ग होतो, आणि साप कालांतरानं मरतो. हा छळ आहे. नाग बाळगणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाही आहे.

घरात साप निघाला तर दुधाची वाटी ठेवू नका, हळद-कुंकू टाकू नका. लहान मुलं, जनावरं बाजूला घ्या, लांबून नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. कोठ्यात धामण नको असेल, तर ढेप झाकणाच्या पिंपात ठेवा आणि उंदरांची बिळं बुजवा.