इराणमधील जरथुश्त्र्यांवरील जिझियाचे निर्मूलन

इराणमधील जरथुश्त्री (पारशांच्याच धर्माच्या) प्रजेवरचा जिझिया, म्हणजे बिगरमुस्लिमांवरील कर, काजार घराण्यातील नासिरुद्दीन शाहच्या रमजान हिजरी १२९९ (साधारणतः ऑगस्ट १८८२) मधील फर्मानाने रद्द झाला. परराज्यातील धर्मछळाविरुद्ध ब्रिटिश शासनाने केलेल्या शिष्टाईचे हे महत्त्वाचे उदाहरण असून तिला चालना मुंबईच्या पारशी समाजाने दिली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इराणमधील जरथुश्त्री प्रामुख्याने यज्द व केरमान या प्रांतांत राहत आणि त्यांची संख्या सुमारे सात हजारांवर आली होती. घोड्यावर बसणे, मनाजोगती वस्त्रे नेसणे यांवर बंधने होती. कुटुंबातील एखाद्याने इस्लाम स्वीकारल्यास सर्व वारसा त्याच्याकडे जाई. जिझिया हा या जाचाचा सर्वांत दाहक भाग होता.

मुंबईत मेहरवानजी फ्रामजी पांडे प्रभृतींच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘पर्शियन झोरोस्ट्रियन अमेलिओरेशन फंड’ने १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातरिया यांना प्रतिनिधी म्हणून इराणला पाठविले. हातरिया ब्रिटिश प्रजाजन असल्यामुळे त्यांना तेहरानमधील ब्रिटिश वकिलातीचे पाठबळ मिळाले; ज्यांच्यासाठी ते झटत होते ते मात्र शाहचे प्रजाजन होते. हा भेद निर्णायक होता. ऑटोमन साम्राज्यातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती प्रजेच्या वतीने बोलण्याचा हक्क रशिया १७७४ च्या कुचुक कायनार्जी तहाच्या आधारे सांगत असे. ब्रिटनला जरथुश्त्र्यांबाबत असा तहसिद्ध आधार नव्हता, त्यामुळे सारा भर ब्रिटिश राजदूताच्या वैयक्तिक वजनावर आणि शाहच्या मर्जीवर राहिला. ब्रिटिश मुत्सद्दी हेन्री रॉलिन्सन यांच्या साहाय्याने हातरियांची शाहशी भेट होऊन करात सुमारे १०० तोमानांची (तोमान हे इराणी चलन) सूट मिळाली. १८७३ मध्ये शाह लंडनला गेला असता पारशांतर्फे निवेदन देण्यात आले, आणि अखेरचा टप्पा तेहरानमधील ब्रिटिश राजदूत रोनाल्ड थॉमसन यांच्या कारकिर्दीत गाठला गेला. फंडाचे तत्कालीन अध्यक्ष दिनशॉ माणेकजी पेटिट यांना फर्मानाची वार्ता थॉमसन यांच्याकडूनच कळली.

कराच्या रकमेविषयी वृत्तांतांत मेळ नाही. मूळ आकारणी सुमारे ६६० तोमान, तर प्रत्यक्ष वसुली सुमारे २,००० तोमान असल्याचे पारशी वृत्तांत सांगतात. फर्मानात ८४५ तोमानांचा उल्लेख येतो. यातील विसंगती बव्हंशी वरवरची असावी, कारण दरबारची आकारणी आणि प्रांताधिकाऱ्यांनी वाढवून उकळलेली रक्कम या दोन भिन्न गोष्टी होत्या. अखेरच्या काळासाठी फर्मानातील आकडा अधिक ग्राह्य वाटतो. गरिबांच्या दृष्टीने मात्र खरा कर तोच, जो वसूल करणारा मागेल.

श्रेयाबाबतही मतभेद आहेत. पारशी लेखक हातरिया व फंड यांना अग्रस्थान देतात. काही अभ्यासक वकिलातीच्या दबावाला, तर काही शाहच्या सुधारणावादी धोरणाला महत्त्व देतात. या कामी फंडाचे लाखाहून अधिक रुपये खर्ची पडले आणि पाव शतकाहून अधिक काळ एकच मागणी लावून धरली गेली, हे पाहता पहिल्या मताचे पारडे जड ठरते. अर्थात वकिलातीवाचून हातरियांना दरबाराची दारे इतकी उघडी राहिली नसती, हेही तितकेच खरे.

फर्मानाने कर गेला, पण वारसा व पोशाखविषयक निर्बंध यज्दमध्ये पुढेही काही काळ चालू राहिले. हातरिया १८९० मध्ये तेहरान येथे मरण पावले. १९०६ च्या घटनात्मक क्रांतीनंतरच्या पहिल्या मजलिसमध्ये (संसदेत) अरबाब जमशीद हे जरथुश्त्री प्रतिनिधी होते.