मेहनत आणि खुराकातून येणारा फिटनेस रिझल्ट (ठाणे-नवी मुंबई)

जिममध्ये ज्याला सगळे रिझल्ट म्हणतात तो म्हणजे व्यायाम आणि खाण्यापिण्याच्या शिस्तीने शरीरात झालेला, मोजता येणारा आणि टिकणारा बदल. कमरेचा घेर कमी होतो, उचलायचं वजन वाढतं, स्टेशनचा जिना चढताना धाप लागत नाही, शुगर आणि बीपीचे आकडे खाली येतात, हे सगळं त्यात आलं. नुसता वजनकाटा खाली जाणं यात धरत नाहीत, कारण काट्याला चरबी, मसल आणि पाणी यातलं काहीच वेगळं कळत नाही, आणि ठाण्याच्या दमट हवेत तासभर पळून आलं की घामानेच किलोभर वजन उतरलेलं दिसतं, पाणी प्यायलं की संध्याकाळपर्यंत ते परत जागेवर.

ठाणे आणि नवी मुंबईत मेहनतीची कमी अजिबात नाहीये. पहाटे येऊरच्या चढावर, उपवनला, तलावपाळीला, कचराळी तलावावर, तिकडे नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईला, पाम बीच रोडला नाहीतर खारघरच्या सेंट्रल पार्कला जाऊन बघा, माणसंच माणसं, आणि पावसाळ्यात ठाणे महापालिकेची वर्षा मॅरेथॉन असली की भर पावसात रस्ता भरलेला असतो. तरी वर्षानुवर्षं नेमाने चालणाऱ्या कित्येकांचं पोट आहे तिथेच असतं. अडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे व्यायाम रोज तोच आणि तेवढाच, आणि दुसरं, जे जास्त मोठं आहे, ते म्हणजे डबा.

जुनी तालीम

आपल्याकडे जोर, बैठका, मुदगल, मल्लखांब आणि लाल मातीतली कुस्ती पिढ्यानपिढ्या चालत आलीय. सूर्यनमस्कार घराघरात आणि शाळाशाळांत पोचले त्याचं मोठं श्रेय औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्याकडे जातं, आणि ठाण्यात मावळी मंडळासारख्या संस्थांनी मैदानी खेळ आणि कबड्डी जिवंत ठेवली. तालमीत दोन गोष्टी कधीच वेगळ्या केल्या जात नव्हत्या, मेहनत आणि खुराक. जोरांचा आकडा वस्ताद हळूहळू वाढवत न्यायचा आणि पोरगा काय खातोय, किती झोपतोय यावर त्याचं लक्ष असायचं. पण तो खुराक, म्हणजे तूप, बदाम आणि लिटर लिटर दूध, हा दिवसाला शेकडो बैठका मारणाऱ्या पैलवानाचा होता. वागळे इस्टेटला नाहीतर महापेला दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने तोच उचलला तर तो मसलला लागत नाही, पोटाला लागतो.

वजन वाढवत नेणं

शरीर फुकटात काही बदलत नाही. त्याला जमतंय त्यापेक्षा थोडं जास्त काम दिलं की ते त्यासाठी तयार होतं, आणि तयार झालं की तेच काम त्याला सोपं वाटायला लागतं आणि बदल थांबतो, म्हणून काम परत थोडं वाढवायचं. याला प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड म्हणतात. अमेरिकन आर्मीतले डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांचे पाय हलक्या वजनाच्या ढीगभर रेप्सऐवजी (रेप म्हणजे एकदा उचलून खाली ठेवणं, आणि न थांबता केलेले रेप्स म्हणजे एक सेट) जड आणि टप्प्याटप्प्याने वाढत जाणाऱ्या वजनाने बरे करून दाखवले आणि १९४५ मध्ये ते छापलं. आजच्या जिममधले सेट आणि रेप्स बऱ्याच अंशी तिथून आलेत.

प्रत्यक्षात हे फार साधं दिसतं. एखाद्या बाईच्या वहीत लिहिलेलं असतं, स्क्वॉट (म्हणजे खांद्यावर लोखंडी बार घेऊन मारलेली बैठक), रिकामा बार २० किलो, ३ सेट, प्रत्येकी ८ रेप्स. पुढच्या वेळी ९, मग १०, आणि तिन्ही सेटला १२ स्वच्छ निघाले की बारच्या दोन्ही बाजूंना सव्वा सव्वा किलोची प्लेट, म्हणजे साडेबावीस, आणि परत ८ पासून सुरू. बाहेरून बघणाऱ्याला यात काहीच दिसत नाही पण असं सहा महिने, वर्षभर चाललं की तीच बाई जी सुरुवातीला रिकाम्या बारखाली लटपटत होती ती आपल्या वजनाच्या जवळपास वजन घेऊन खाली बसते आणि उठते. ज्यांच्याकडे वही नाही ते मागच्या वेळी किती उचललं ते विसरतात आणि वर्षभर त्याच डंबेलवर राहतात, हे मी इतक्या जणांचं बघितलंय की माझ्या मते जिमच्या बॅगेतली सगळ्यात कामाची वस्तू वही आहे.

सुरुवातीचे चार-सहा आठवडे ताकद वाढते पण आरशात काही दिसत नाही, कारण तेव्हा मुख्यतः मेंदू आणि नसा स्नायूंना कामाला लावायला शिकत असतात, मसल दिसायला लागतो साधारण दोन-तीन महिन्यांनी. नेमक्या याच मधल्या काळात बहुतेक लोक सोडतात. जानेवारीतली गर्दी म्हणजे नव्याचे नऊ दिवस, मार्चमध्ये ट्रेडमिल रिकामी.

महापालिकांच्या बागांमधल्या ओपन जिम ज्येष्ठांसाठी आणि सुरुवात करणाऱ्यांसाठी चांगल्याच आहेत, सांधे हलते राहतात, पण तिथल्या बहुतेक मशीनवर वजन वाढवायची सोय नसते, त्यामुळे काही आठवड्यांनी त्यातून नवीन काही मिळत नाही. त्यापेक्षा घरी पाठीवर भरलेली सॅक घेऊन जोर-बैठका मारल्या आणि सॅकेत एकेक पाण्याची बाटली वाढवत नेली तरी काम होतं. चालणं सोडायचं नाहीये बरं का, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनेत मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आहेच, पण त्याच सूचनेत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायामही आहे आणि तोच भाग सगळे गाळतात.

डबा

चरबी उतरते ती खर्चापेक्षा कमी कॅलरी पोटात गेल्यावर, दुसरा रस्ता नाही. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, म्हणजे रोज ५०० कमी खाल्ल्या तर आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास, आणि तेवढाच वेग बऱ्याच जणांना झेपतो. तासाभराच्या चालण्याने जळतात त्या २५० ते ३००, आणि चालून झाल्यावर खाल्लेला एक वडापाव जवळपास तेवढाच असतो. फोडणीतलं तेल कोणी मोजत नाही, पण एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि भाजी, आमटी, चटणी, पोळीवरचं मिळून दिवसाला पाच-सहा चमचे सहज जातात.

कॅलरी कमी करताना प्रोटीन कमी पडलं तर चरबीबरोबर मसलही उतरतो आणि माणूस बारीक पण लुळा दिसतो. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशोबाने साध्या माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, वजन उचलणाऱ्याला साधारण १.२ ते १.६ धरतात. आता ६० किलोची एक बाई धरा जी वजन उचलते आणि कळव्याहून सीएसएमटीला नोकरीला जाते. सकाळी चहा-बिस्किट, डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव, रात्री पातळ वरण-भात. पोट भरलं, सगळं ताजं, पण प्रोटीन तीस-पस्तीस ग्रॅमच्या वर जात नाही आणि तिला हवंय ७२ च्या पुढे. मग घरातल्याच गोष्टी हलवायच्या. सकाळी दोन उकडलेली अंडी आणि ग्लासभर दूध म्हणजे २० ग्रॅम. डब्यात पोळ्या तीनच्या दोन, भाजी आहेच, त्याबरोबर मटकीची नाहीतर हरभऱ्याची घट्ट उसळ आणि छोट्या डबीत दही, म्हणजे १८-२०. लोकलमध्ये मूठभर फुटाणे, ६. रात्री १०० ग्रॅम पनीर नाहीतर बांगड्याचे दोन तुकडे, वरण घट्ट आणि भात अर्धा, २६-२७. बेरीज सत्तरीत जाते आणि यात घरात एक वेगळं भांडंही चढलेलं नाही. अंडी-मासे न खाणाऱ्यांना ३० ग्रॅम कोरडे सोया चंक्स उसळीतच टाकले तर १५ ग्रॅम मिळतात.

पोळी-भात बंद करायची गरज नाही, हे मी ठामपणे लिहितो, कारण दर दुसऱ्या माणसाला डाएट म्हटलं की आधी भात सोडायचा असतो. भाताने वजन वाढत नाही, बेरीज जास्त झाल्याने वाढतं. जड स्क्वॉटच्या आदल्या रात्री ताटात भात नसला तर दुसऱ्या दिवशी बारखाली दम निघतो.

बारीक दिसणारे

वजन नॉर्मल आहे म्हणून निवांत राहणाऱ्यांसाठी पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम माहीत असणं गरजेचं आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. आपली हाडं-मसल बारीक आणि चरबी जास्त, तीही पोटाभोवती. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच ओव्हरवेट धरतात आणि कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटर, बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत असावी असं सांगतात. अशा माणसाने नुसतं वजन उतरवून काही होत नाही, त्याला मसल कमवायला लागतो, आणि त्यासाठी परत तेच, बार आणि उसळ. घरातल्या काकू-मावश्या मात्र गाल थोडे बसले की "अगं, आजारी होतीस का?" असं विचारतात आणि ताटात अजून एक पोळी वाढतात, तेव्हा आईला किंवा सासूला आधीच जवळ बसवून हा डब्याचा हिशोब सांगितलेला बरा, त्या एकदा पटल्या की उसळ रोज भिजते.

सण, श्रावण आणि मासे

इथलं खाणं कॅलेंडरवर चालतं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, ताजी मासळी महागते, चेंदणी कोळीवाड्यात, दिवाळे आणि सारसोळे गावांत सुकटीवर काम भागवतात. सुकट आणि सुके बोंबील प्रोटीनला दणदणीत असतात, फक्त मीठ फार, बीपीवाल्यांनी चांगलं धुऊन घ्यावं. मग श्रावण लागला की अंडी-मटणही बंद, आणि त्या महिन्यात प्रोटीन एकदम खाली येतं, तेव्हा दही, पनीर, कुळीथ, सोया आधीपासून वाढवायला लागतात. उपासाला साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्च, जे काही प्रोटीन आहे ते दाण्याच्या कुटाचं. राजगिरा, दही, दूध, शेंगदाणे यावर उपास केला तर धर्मही राहतो आणि मसलही.

पावडर आणि शॉर्टकट

व्हे पावडर म्हणजे दुधातलंच प्रोटीन, डब्यातल्या मापाच्या चमच्याला २० ते २५ ग्रॅम, जेवणातून पुरत नसेल तर सोय म्हणून ठीक. आयसीएमआरच्या एनआयएन या पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रोटीन सप्लिमेंट टाळा असंच म्हटलंय. घ्यायचंच असेल तर डब्यावर एफएसएसएआय या सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा १४ आकडी लायसन्स नंबर बघून घ्यावं. क्रिएटिन ही ताकदीसाठी घेतात ती पावडर, रोज ३ ते ५ ग्रॅम, यावर भरपूर अभ्यास झालाय आणि निरोगी माणसाला ते चालतं, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. स्टेरॉइडची सायकल, म्हणजे मसल वाढवायला काही आठवडे घेतलेली हार्मोनची औषधं, ही मात्र वेगळीच गोष्ट आहे. बारा आठवड्यांत ट्रान्सफॉर्मेशनचे फोटो दाखवून विशीतल्या पोरांना इंजेक्शनं टोचली जातात, त्याने शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद पडतं, हृदयावर आणि लिव्हरवर परिणाम होतो, पुढे मूल होण्यात अडचणी येतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण विशीतल्या पोराला वही, अंडी आणि झोप एवढं दिलं तरी वर्षात अंग भरतं.

झोप आणि खंड

मसल जिममध्ये तयार होत नाही, तिथे त्याला नुसतं कारण मिळतं, भरून निघतो तो नंतर, खाण्यातून आणि झोपेतून. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात, आणि बदलापूर-डोंबिवलीकडून भरून आलेल्या लोकलमध्ये ठाण्याला घुसून रोज दोन-तीन तास प्रवास करणाऱ्याला ते मिळत नाहीत. झोप कमी झाली की भूक वाढते, गोडाची आणि तळलेल्याची जास्त. त्यामुळे सहा दिवस पहाटे साडेचारला उठून जिम करण्यापेक्षा तीन दिवस नीट, जड, पाऊण तास आणि बाकीचे दिवस पूर्ण झोप, हे नोकरदारांना जास्त लागू पडतं.

नव्याने सुरू केल्यावर एक-दोन दिवसांनी अंग ठणकतं ते नेहमीचं, पण लघवी कोलासारखी गडद झाली, स्नायू सुजले तर लगेच हॉस्पिटल गाठावं, अतिव्यायामाने स्नायू फुटून किडनीवर येतं. शुगर, बीपी, हार्टचा त्रास किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदाच जड व्यायाम असेल तर आधी तपासणी करून घ्यावी.

गणपतीला आठ-दहा दिवस गावी गेलं, मोदक खाल्ले, व्यायाम झाला नाही, तरी कमावलेली ताकद दोन-तीन आठवडे बऱ्यापैकी टिकते. परत आल्यावर पहिल्या दिवशी वजन दहा-पंधरा टक्के कमी लावायचं, आठवडाभरात जुन्या आकड्यावर येता येतं.