स्टिअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) आलाय? रॅक बदलण्याआधी कपलिंग तपासा
(जुन्या बीएमडब्ल्यू आणि तत्सम गाड्यांच्या मालकांसाठी, बडोद्यात मकरपुऱ्यातल्या आमच्या गॅरेजकडून)

स्टिअरिंग मधोमध धरलं तरी गाडी रेघेत चालत नाही, दोन बोटं फिरवलं तरी चाकं ढिम्म, खड्ड्यात पायाजवळ ‘टक्’ आवाज. ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना बहुधा आधीच कुणीतरी सांगितलेलं असतं की रॅक (स्टिअरिंगचं फिरणं चाकांना वळवणाऱ्या आडव्या हालचालीत बदलणारा भाग) गेला. कधी तो खरंच गेलेला असतो. पण रॅकला हात लावण्याआधी, त्याच्या वरच बसलेलं एक लहानसं रबरी कपलिंग, म्हणजे जोडणारा सांधा, पाहून घ्यायला हवं. ते रॅकच्या मानाने फारच स्वस्त आहे.

स्टिअरिंगचा दांडा रॅकला जिथे जोडला जातो, तिथे ई-३६, ई-४६ (थ्री सीरीजच्या जुन्या पिढ्या) सारख्या बीएमडब्ल्यूंमध्ये धाग्यांनी मजबूत केलेली रबराची चकती असते. रस्त्याची थरथर हातापर्यंत येऊ नये, हे तिचं काम. या गाड्यांच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा एक्झॉस्ट उजव्या अंगाला असतो. युरोपात बहुतेक देशांत स्टिअरिंग डावीकडे, म्हणून तिथे फारसं बिघडत नाही. आपल्याकडे दांडा थेट एक्झॉस्टच्या त्या तापलेल्या मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) शेजारून खाली उतरतो. त्यात बडोद्याचा मे महिना, आणि वरून पॉवर स्टिअरिंगचं तेल पाझरत असेल तर रबर फुगतं, मऊ पडतं आणि तडकतं. कुणी कधीतरी काढलेला उष्णतारोधक पत्रा परत लावला नसेल, तर नवं कपलिंगही लवकरच जुनं होणार.

घरी तपासायचं असेल तर दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागी चाकांवर उभी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, चावी फिरवून स्टिअरिंगचं लॉक सोडलेलं. एकाने स्टिअरिंग अगदी थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने बॉनेट उघडून टॉर्चच्या उजेडात सांधा पाहायचा. बोटं आत घालू नका. वरचा भाग हलतोय, खालचा जागेवरच आणि मधलं रबर पिळवटतंय, तर दोष कपलिंगचा. दोन्ही बरोबर हलतात पण टाय रॉड (रॅकपासून चाकाकडे जाणारी कांडी) उशिरा हलतो, तर शंका रॅकवर. टाय रॉड हलतो आणि चाक हलत नाही, तर टाय रॉडच्या टोकाचा सांधा (एंड) पाहा. मर्सिडीजच्या डब्ल्यू-१२४ मध्ये रॅकऐवजी स्टिअरिंग बॉक्स (गिअरची बंद पेटी) असतो. तिथे प्ले घालवायला बॉक्सवरचा स्क्रू आवळायची सवय काही जणांना आहे. सांध्यांतला प्ले त्याने जात नाहीच, उलट बॉक्स जड होतो आणि आतून खराब होतो. कुणालाही तो स्क्रू सहज फिरवू देऊ नका.

बदलण्याचं काम दिसायला सोपं आहे, बिघडवायलाही तितकंच सोपं. आम्ही चाकं सरळ करतो, बॅटरी सोडतो, स्टिअरिंग जागेवर बांधून ठेवतो. बांधायचं कारण असं, की दांडा सुटल्यावर स्टिअरिंग मोकळं गरगरा फिरलं तर त्यामागची एअरबॅगची पट्टी तुटते, मग एअरबॅगचा दिवा लागतो आणि बहुधा हॉर्नही जातो. दात असलेल्या दोन्ही टोकांवर रंगाने खूण करतो. एक दात जरी चुकला तरी सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं दिसतं. असं तिरकं स्टिअरिंग टाय रॉड फिरवून ‘सरळ’ करून देणारे भेटतील. त्यात रॅकचा मध्य हलतो आणि गाडी एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी वळते. योग्य उपाय एकच: सांधा पुन्हा काढून दात जुळवणे. नट-बोल्ट नेहमी नवे, टॉर्क पान्याने कंपनीच्या आकड्याप्रमाणे आवळलेले. ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून सावरणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत स्टिअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरवर तपासतो. नुसतं कपलिंग बदललं तर व्हील अलाइनमेंटची गरज नसते, त्याचे पैसे आम्ही लावत नाही.

रबराऐवजी पॉलियुरेथेन किंवा पूर्ण धातूचं कपलिंग लावा, अशी तरुण ग्राहकांची मागणी असते. ट्रॅकवरच्या गाडीला ठीक. रोज रावपुऱ्याच्या गर्दीतून जायचं असेल तर धातूचं लावू नका, प्रत्येक खड्डा मनगटात येईल. पॉलियुरेथेन चालेल, थरथर थोडी वाढेल. टायर किंवा पट्टा कापून बनवलेली चकती मात्र आम्ही कुठल्याही भावात बसवणार नाही. आणि ऑनलाइन स्वस्तात मिळालेला जुना साठा आणलात तर त्यावरची बनावटीची तारीख पाहून आणा, डब्यात पडून राहिलेलं रबरही कडक होतं.

गाडी सकाळी द्या, भाग हाताशी असेल तर संध्याकाळी न्या. जुनं कपलिंग पिशवीत घालून परत मिळेल. येण्याआधी इंजिन धुऊ नका, तेल कुठून पाझरतंय ते आम्हाला पाहायचं असतं.