बॅटरीच्या ड्रिलने स्टीलला मोठं भोक: स्पीड वाढवू नका

गोव्यात वेर्णा असो की कुंडई, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये एक समजूत हमखास ऐकू येते: स्टील कडक, म्हणून ट्रिगर पूर्ण दाबा आणि अंगाचं वजन टाका. कटरचे दात जळतात ते नेमके यानेच. कापण्याचा वेग कटरच्या कडेला मोजायचा असतो. व्यास वाढला की फेरे कमी करावे लागतात. बायमेटल होलसॉने (कडेला दात असलेला वाटीसारखा गोल कटर) एमएसला, म्हणजे साध्या माइल्ड स्टीलला, २५ मिमीचं भोक पाडताना मिनिटाला साधारण ३५० फेरे पुरतात, ५० मिमीला १७५च्या आसपास. स्टेनलेसला त्याच्याही निम्मे. म्हणून ड्रिलचा गिअर नेहमी १ वर (कमी वेगाचा), हॅमर म्हणजे ठोके देणारा मोड बंद.

दाब मात्र एकसारखा हवा. स्टेनलेसवर दात नुसते घासले तर पृष्ठभाग आणखी कडक होतो, मग नवा कटरही घसरतो. किसाकडे बघा: वळणदार निघाला तर ठीक, बारीक भुकटी आणि निळा रंग म्हणजे थांबा, कटिंग ऑइल घाला.

साइड हँडल लावल्याशिवाय सुरुवातच नको. भोक पलीकडे पडताना दात अडकतो आणि ड्रिल मनगट पिरगाळतं, त्यामुळे शेवटचा मिलिमीटर दाब काढून घ्या. चुंबकाने स्टीलला चिकटणाऱ्या मॅग्नेटिक ड्रिलचा पोकळ अ‍ॅन्युलर कटर हातातल्या ड्रिलला लावणं तर सरळ खर्चात पडणं आहे; जरा डुललं की दात तुटतात.

गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेलं) रेलिंग असेल तर भोकाची उघडी कड घासून त्याच दिवशी झिंक प्रायमर मारा. मिरामार-कोलव्याच्या खाऱ्या वाऱ्यात तिथूनच गंज धरतो.