‘या मॉडेलला असंच असतं’: सदोष गाडीच्या तक्रारीची पार्श्वभूमी

नवी गाडी त्याच दुखण्यासाठी तिसऱ्यांदा सर्व्हिस सेंटरला नेली, की काउंटरपलीकडून एक ठरलेलं वाक्य येतं: "सर, या मॉडेलला असंच असतं." क्लच थरथरतो, पहिला गिअर पडत नाही, पावसात दरवाजातून पाणी आत येतं, काहीही असो. जॉबकार्डवर ‘तपासले, ठीक आहे’ असा शेरा मारून गाडी स्वच्छ धुऊन हातात देतात. थेट कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करावा, तर ती तक्रार फिरून त्याच डीलरच्या टेबलावर येते. हा फेरा कॉल सेंटरच्या जमान्यातला वाटतो. त्याचं मूळ मात्र ब्रिटिशांच्या काळातल्या एका कायद्यात आहे.

तो १९३० चा माल विक्री कायदा. खरेदी-विक्रीच्या करारातल्या वचनांचे त्याने दोन प्रकार केले: शर्त (कंडिशन) आणि हमी (वॉरंटी). शर्त मोडली तर ग्राहक माल नाकारू शकतो. हमी मोडली तर फक्त नुकसानभरपाई मागू शकतो, माल परत करू शकत नाही. आणि खरी मेख पुढे आहे. ग्राहकाने माल एकदा स्वीकारला, की शर्तभंगसुद्धा सहसा हमीभंगच धरला जातो. गाडीच्या बाबतीत याचा अर्थ असा की हार-नारळ करून, पेढे वाटून गाडी घरी नेली आणि वाजवी मुदतीत परत केली नाही, तर ती नाकारण्याचा हक्क हातातून निसटतो. शिवाय करार झाला तो डीलरशी. गाडी बनवणारा कारखानदार त्या कागदावर नसतोच. ज्या ‘वॉरंटी’च्या भरवशावर आपण गाडी घेतो, तो शब्द कायद्याच्या भाषेत दुय्यम दर्जाचा आहे, हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही.

अर्थात त्या काळी कज्जा करायला गाडी तर मिळायला हवी! स्वातंत्र्यानंतर जवळपास तीन दशकं निवड होती ती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची अ‍ॅम्बेसेडर आणि मद्रासची स्टँडर्ड, एवढीच. किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवणार, वाटपावर आणि किमतीवर सरकारचं नियंत्रण. नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायची. वापरलेली गाडी शोरूमच्या भावापेक्षा जास्त किमतीला विकली जायची, तेव्हा हाती आलेली नवी गाडी परत करण्याचा वेडेपणा कोण करणार? अ‍ॅम्बेसेडरमध्ये हॉर्न सोडून सगळं वाजतं, हा विनोद त्याच काळातला. तक्रार विनोदात जिरायची आणि दुरुस्ती गल्लीतल्या मिस्त्रीकडे व्हायची. मुंबई-पुण्यात प्रत्येक घराचा एक ठरलेला ‘फियाटवाला’ मिस्त्री असे. गाडीचा दोष म्हणजे गाडीचा स्वभाव, अशी समजूत तेव्हा जी रुजली, तीच आज सर्व्हिस काउंटरवर ऐकू येते असं मला वाटतं.

ग्राहक चळवळीला सुरुवात झाली ती गाड्यांवरून नव्हे. १९६६ मध्ये मुंबईत नऊ गृहिणींनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. प्रश्न होते भेसळीचे, वजनमापांचे, महागाईचे. गाडी ही श्रीमंताची चीज, तिच्यासाठी कोण मोर्चा काढणार? पण याच मंडळींनी लावून धरलेल्या मागणीतून १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली तो २४ डिसेंबर हा दिवस म्हणून राष्ट्रीय ग्राहक दिन.

योगायोग असा की त्याच्या तीनच वर्षं आधी, डिसेंबर १९८३ मध्ये, मारुती ८०० रस्त्यावर आली होती. तिची सुरुवातीची किंमत ५० हजारांच्या आसपास. नव्या कायद्याने जिल्हा मंचाला १ लाखापर्यंतचे दावे ऐकण्याचा अधिकार दिला. म्हणजे मध्यमवर्गाची पहिली गाडी आणि मध्यमवर्गाला परवडणारं पहिलं न्यायपीठ एकाच मापाची निघाली. तेव्हा कोर्ट फी नव्हती, वकील लावण्याची सक्ती नव्हती, साध्या कागदावर अर्ज चालायचा. ‘दोष’ या शब्दाची व्याख्याही रुंद होती: गुणवत्ता, प्रमाण, क्षमता, शुद्धता यांत कुठलीही उणीव. दोष ठरला तर वस्तू दुरुस्त करून द्या, बदलून द्या किंवा पैसे परत करा, असा आदेश मंच देऊ शकत होता. १९३० च्या कायद्याने बंद केलेलं दार इथे पुन्हा किलकिलं झालं. १९९३ मध्ये दुरुस्ती होऊन, पोटापाण्यासाठी स्वतः रिक्षा-टॅक्सी चालवणाराही ‘ग्राहक’ आहे हे कायद्यातच स्पष्ट झालं.

अडलं ते पुराव्यापाशी. तपासणी केल्याशिवाय कळणार नाही असा दोष असेल, तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावी, तिने ४५ दिवसांत अहवाल द्यावा, असं कायदा सांगतो. तपासणीची फी आधी तक्रारदाराने भरायची. साखर किंवा तेलाचा नमुना बाटलीत भरून पाठवता येतो. महिन्यातून दोनदाच, तेही घाटात बंद पडणारी गाडी कशी पाठवणार? तपासणीच्या दिवशी ती शहाण्या मुलासारखी चालते. मग तज्ज्ञ म्हणून कधी सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राध्यापक, कधी आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक, कधी पुण्यातली एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. ही संस्था १९६६ मध्ये वाहन उद्योगाने सरकारच्या साथीने उभारली, आणि गाड्या बाजारात येण्याआधी त्यांना प्रमाणपत्र देण्याचं कामही तिचंच. तिच्या सचोटीवर मला शंका घ्यायची नाही. पण कोथरूडच्या टेकडीवरच्या या संस्थेकडे गाडी पाठवताना तक्रारदाराच्या पोटात गोळा येत असेल, तर तेही समजू शकतं.

सर्वोच्च न्यायालयाने दिशा ठरवली ती २००६ मध्ये, मारुती उद्योगच्या एका प्रकरणात. खालच्या पातळीवर गाडी बदलून देण्याचा आदेश झाला होता. न्यायालयाने वॉरंटीचा मजकूर काढून वाचला: कंपनीने वचन दिलं आहे ते सदोष भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचं, अख्खी गाडी बदलण्याचं नव्हे. तेव्हापासून जवळपास प्रत्येक कंपनीच्या लेखी जबाबात हा निकाल असतोच. काही वर्षांनी फियाट इंडियाच्या प्रकरणात दुसरी बाजू पुढे आली. स्वतंत्र तज्ज्ञाने उत्पादनातलाच मूळ दोष असल्याचं म्हटलं, तर ग्राहकाला किंमत व्याजासह परत मिळावी, असं न्यायालयाने म्हटलं. या दोन निकालांच्या मधल्या पट्ट्यात बहुतेक भांडणं चालतात. एक पक्ष म्हणतो ‘सुटा भाग’, दुसरा म्हणतो ‘मूळ दोष’.

किती वेळा दुरुस्ती फसली की मूळ दोष मानायचा, याचा आकडा आपल्या कायद्यात नाही. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने तो १९८२ मध्येच लिहून टाकला: ठरावीक काळात त्याच बिघाडासाठी चार वेळा दुरुस्तीचा प्रयत्न, किंवा गाडी एकूण ३० दिवस गॅरेजमध्ये. तेवढं झालं की गाडी सदोष धरायची. असल्या गाडीला तिकडे ‘लिंबू’ म्हणतात, म्हणून कायदाही लिंबाचा. आपल्याकडे ग्राहक आयोग (पूर्वीचा मंच) जॉबकार्डांचा गठ्ठा बघून स्वतःचं मत बनवतो. म्हणूनच ‘किरकोळ आहे, कशाला कागद करता’ म्हणत जॉबकार्ड न फाडता गाडी आत घेणारा ॲडव्हायझर तुमच्यावर उपकार करत नसतो.

डीलर की कंपनी, हा जुना पेच २०२१ मध्ये गोव्याच्या एका प्रकरणात पुन्हा निघाला. ग्राहकाला २०११ मध्ये विकलेली गाडी २००९ ची निघाली. टाटा मोटर्सही जबाबदार, असं खालच्या आयोगांनी ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मोकळं केलं: कंपनी आणि डीलर यांचा व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचा आहे, डीलरच्या कृत्याची कंपनीला माहिती होती असं दाखवल्याशिवाय तिला धरता येणार नाही. पुढच्याच वर्षी ह्युंदाई क्रेटाच्या प्रकरणात सूर वेगळा लागला. दिल्ली-पानिपत महामार्गावर अपघात होऊनही एअरबॅग उघडल्या नाहीत. धक्का पुरेसा जोराचा नव्हता, हा कंपनीचा बचाव. टक्करीच्या वेगाचं आणि बलाचं गणित मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ असणं ग्राहकाकडून अपेक्षित नाही, असं सांगून न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आणि भरपाईचा आदेश कायम केला.

दरम्यान २०१९ चा नवा ग्राहक कायदा आला आणि जुलै २०२० पासून लागू झाला. राहत्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची सोय ही त्याची मोठी देणगी. नागपूरच्या माणसाला गुरुग्रामच्या कंपनीमागे पळायला नको. उत्पादकाच्या दायित्वाचं स्वतंत्र प्रकरणही त्यात आहे आणि त्याचा गवगवा खूप झाला. पण त्यातली ‘हानी’ची व्याख्या नीट वाचावी. वस्तूमुळे माणसाला किंवा इतर मालमत्तेला झालेली इजा त्यात येते, खुद्द वस्तूचं नुकसान वगळलं आहे. गाडीने तुम्हाला जखमी केलं तर हे प्रकरण कामाचं. ती नुसतीच वारंवार बंद पडत असेल, तर १९८६ पासूनचा ‘दोषा’चा जुनाच रस्ता.

एकेकट्याच्या तक्रारीला समांतर धावणारी दुसरी गोष्ट रिकॉलची, म्हणजे सदोष गाड्या कंपनीने सरसकट परत बोलावून दुरुस्त करण्याची. २०१० च्या फेब्रुवारीत मारुतीने इंधन गळतीच्या शक्यतेवरून सुमारे १ लाख ए-स्टार परत बोलावल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत शोरूममधून घरी निघालेल्या नॅनोने पेट घेतला. टाटांनी पुढे फुकट जादा संरक्षण बसवून दिलं, पण त्याला रिकॉल म्हणायचं मात्र टाळलं. २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या संघटनेने ऐच्छिक रिकॉलची संहिता आणली. २०१३ मध्ये जनरल मोटर्सने १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या आणि चाचणीसाठीच्या इंजिनांत फेरफार झाल्याचं उघडकीला आलं, तेव्हा ‘ऐच्छिक’ या शब्दाची मर्यादा कळली. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने सरकारला सक्तीच्या रिकॉलचा अधिकार दिला. एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांनुसार सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, विक्रीच्या प्रमाणात ठरलेला आकडा गाठला की चौकशी होते आणि कंपनीला १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. पण हे सगळं सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका असणाऱ्या दोषांपुरतं. एसी थंड करत नाही, म्हणून कोणी गाडी परत बोलावत नाही.

कागदावर एवढे रस्ते असूनही २०२२ च्या एप्रिलमध्ये परळी वैजनाथला एका गृहस्थाने आपली नवी, बंद पडलेली इलेक्ट्रिक स्कूटर गाढवाला बांधून गावभर फिरवली. ते छायाचित्र सगळ्या देशाने पाहिलं.

ग्राहक कायदा म्हणतो, तक्रार तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत. पिंपरीतून कारभार चालवणाऱ्या तेव्हाच्या डेमलर-क्रायस्लर इंडियाची एक मर्सिडीज दिल्लीच्या एका कंपनीने संचालकांसाठी घेतली होती, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. दोन सीटमधला उंचवटा तापतो, अशी तक्रार होती. कंपनीने घेतलेली गाडी व्यापारी वापराची की संचालकाच्या खासगी, यावरही वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला जुलै २०२४ मध्ये, ग्राहकाच्या बाजूने. गाडी त्याच्याकडेच ठेवून किमतीतली काही रक्कम परत मिळाली.