बुटका पीच आणि मुंबईची न पडणारी थंडी

मे-जूनमध्ये क्रॉफर्ड मार्केटात हिमाचलचे पीच आले की गच्चीवर बाग करणाऱ्यांना प्रश्न पडतोच: हे झाड आपल्याकडे होईल का? त्यातही कुंडीत मावेल असं, बुटकं? यातला बुटकेपणाचा भाग त्या मानाने सोपा आहे. खरी अडचण मुंबईच्या हवेची आहे.

बुटके पीच आधीपासून आहेत. कॅलिफोर्नियातली 'बोनान्झा' ही त्यातली प्रसिद्ध जात. तिला पानं कमी नसतात, पेरं आखूड असतात. त्यामुळे फांदी लांब न होता पानांनी गच्च भरते. यामागचं जनुक २०१६ साली उजेडात आलं. झाडाची उंची वाढवतं ते जिबरेलिन हे संप्रेरक. ते आलं की वाढ रोखून धरणारी डेला प्रथिनं नष्ट होतात आणि पेरं लांबतात. बुटक्या पीचमध्ये जिबरेलिन ओळखणारं प्रथिनच अर्धवट बनतं, म्हणून डेला टिकून राहतात. हरितक्रांतीतल्या बुटक्या गव्हातही फरक याच साखळीत आहे, फक्त तिथे बदललेलं आहे ते डेला प्रथिनच.

बुटकेपणाचा हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही पालकांकडून मिळाल्याशिवाय तो दिसत नाही. बुटक्या झाडाचा उंच झाडाशी संकर केला तर पहिल्या पिढीतली सगळी रोपं उंच निघतात. त्यांचं स्वपरागण केलं की पुढच्या पिढीत साधारण चारांतलं एक बुटकं. ४०० रोपांत शंभरेक, आणि ती ओळखायला फळाची वाट पाहावी लागत नाही. पेरं पाहिली की कळतं. मेहनत असते ती संकर करण्यात. पीचचं फूल स्वतःच्याच परागकणांनी फळतं, म्हणून कळी उमलण्याआधीच चिमट्याने पुंकेसर काढावे लागतात. नंतर कोयीतलं बी रुजण्यासाठी दोन-तीन महिने ओलसर थंडीत ठेवायचं. एवढं काम मुंबईतल्या फ्रिजमध्येही होतं.

झाड मात्र फ्रिजमध्ये ठेवता येत नाही. पीचच्या कळ्या हिवाळ्यात झोपतात आणि ठरावीक थंडी मिळाल्याशिवाय नीट जाग्या होत नाहीत. ती मोजतात सुमारे ७ अंशांखालच्या तासांत, आणि थंड प्रदेशातल्या अनेक जातींना असे ६०० ते १००० तास लागतात. सांताक्रूझला नोंदलेलं आजवरचं सर्वांत कमी तापमान आहे ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ रोजीचं. म्हणजे या हिशेबाने मुंबईच्या खात्यावर एकही तास जमा नाही.

फ्लोरिडातल्या पैदासकारांनी कमी थंडीवर फळणारे पीच तयार केले; 'फ्लोरडाप्रिन्स'ला सुमारे १५० तास पुरतात, आणि पंजाबच्या मैदानात तो पिकतो. मुंबईला तेही परवडत नाहीत. मेक्सिकोत सापडलेला एक पीच याहून विलक्षण आहे: त्याचे शेंडे थंडीतही झोपतच नाहीत, कारण झोपेशी संबंधित सहा 'डॅम' जनुकांच्या रांगेतला मोठा तुकडाच त्याच्यात गळलेला आहे. मला सर्वांत जास्त आशा या धाग्यात वाटते. पण थंडीची गरज बुटकेपणासारखी एका जनुकावर ठरत नाही. ती अनेक जनुकांत विखुरलेली आहे, म्हणून संकरातलं उंच झाड कमी थंडीवर फळणारं घेतलं तरी त्या शंभर बुटक्या रोपांत कमी थंडीवर भागवणारी मोजकीच निघणार, आणि त्यातही गोड फळाची आणखी कमी. शिवाय प्रत्येक पिढीला फळ धरायला दोन-तीन वर्षं लागतात. दाट पानोळ्यामुळे आतल्या फळांना ऊन कमी मिळतं आणि रंग फिका राहतो, तोही दोष निवडीतूनच काढावा लागतो. एकदा मनाजोगतं झाड हाती आलं की डोळा भरून, म्हणजे त्याची कळी दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवून, त्याची हुबेहूब कलमं होतात, तिथे मग घाई करता येते.

फुलोऱ्याच्या वेळी हवा फार गरम असली तरी फळधारणा घटते. मुंबईत फेब्रुवारीतच पारा ३० अंशांवर जातो. त्यामुळे संकर कुठेही होवो, रोपांची निवड मात्र थंड डोंगरावर करून भागणार नाही; ती इथल्याच उन्हात, कुंडीत वाढवून करावी लागेल.